उबंटू 20.04 वरून 22.04 वर जाताना वीज गेली, वाचनालयाचं मशीन उठत नाही. कोहाचा डेटा वाचवायचाय

वाचनालय_काउंटर

नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करतो. आमची पुस्तकांची सूची, सभासद, देवघेव सगळं कोहावर (वाचनालयाचं सॉफ्टवेअर) आहे आणि कोहा काउंटरमागच्या एकाच डेस्कटॉपवर चालतं. उबंटू 20.04, मारियाडीबी 10.3 (कोहाचा डेटाबेस), 4 जीबी रॅम, 500 जीबीची फिरती हार्डडिस्क. 20.04 चा नेहमीचा सपोर्ट मे 2025 मध्ये संपला, म्हणून 22.04 वर जायचं कार्यकारिणीत ठरलं होतं.

काल संध्याकाळी वाचक गेल्यावर टर्मिनलमधून डू-रिलीज-अपग्रेड लावलं. पॅकेजं सगळी उतरली. मग ‘अनपॅकिंग’, ‘सेटिंग अप’ अशा ओळी धावायला लागल्या. बाहेर पाऊस कोसळत होता, त्यात वीज गेली. यूपीएसने काही वेळ तग धरला, पण वीज आली ती पहाटे. तोवर मशीन बंद पडलेलं.

आज चालू केलं की ग्रब (सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल निवडायचा मेनू) येतो आणि लगेच काळ्या पडद्यावर हे:

कर्नेल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(0,0)

ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये 5.15 आणि 5.4 अशी दोन कर्नेलं दिसतात. 5.4 निवडलं तर गाडी थोडी पुढे जाते, पण लॉगिनचा पडदा येत नाही, डाव्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकत राहतो.

मला मशीनची काळजी नाही, नोंदींची आहे. आमच्याकडे तीसेक हजार पुस्तकं आहेत आणि त्यातली निम्मी तरी अशी की त्यांची तयार नोंद कुठल्याच ऑनलाइन सूचीत सापडत नाही. जुन्या ग्रंथपाल बाईंनी ती कार्डांवरून एकेक करून युनिकोडमध्ये टाइप केली: लेखक, प्रकाशक, आवृत्ती, कुणी भेट दिलं तेसुद्धा. बाहेरच्या डिस्कवर एप्रिलअखेरची प्रत आहे. त्यानंतरची नवीन खरेदी, वर्षाची सभासद नोंदणी आणि आत्ता कुणाच्या घरी कुठलं पुस्तक आहे हे फक्त या डिस्कवर आहे.

कुठून सुरुवात करू? मला टर्मिनल जमतं, पण ज्या आज्ञेचा अर्थ कळत नाही ती इथे चालवायची नाही असं ठरवलंय.

सेटअप_झटपट

फॉरमॅट मारा आणि सरळ 24.04 ताजं टाका. तासाभरात मशीन उभं राहतं. अर्धवट अपग्रेड जोडत बसण्यात दिवस जातो आणि नंतरही काही ना काही खटकत राहतं. होम फोल्डर तेवढं आधी कॉपी करून घ्या म्हणजे डेटा वाचला.

रात्रपाळी_कोल्हापूर

काउंटरवाले दादा, कृपा करून फॉरमॅट करू नका. आणि झटपट, तुमचा सल्ला घरच्या लॅपटॉपला ठीक आहे, इथे नाही. कोहाचा डेटा होम फोल्डरमध्ये नसतो. तो असतो मारियाडीबीच्या जागेत, म्हणजे /व्हार/लिब/मायएसक्यूएल मध्ये. होम कॉपी करून डिस्क पुसली असती तर बाईंनी टाइप केलेली प्रत्येक नोंद गेली असती.

मी कोल्हापूर भागातली लहान दवाखान्यांची आणि वाचनालयांची मशिनं सांभाळते. पावसाळ्यात असं बंद पडलेलं मशीन दरवर्षी समोर येतं. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून डिस्क गेलेली वाटत नाही. तो पॅनिक भयंकर दिसतो, पण त्याचं कारण साधं आहे. 5.15 कर्नेलची फाइल /बूट मध्ये पोचली, ग्रबच्या यादीत तिचं नाव लागलं, आणि तिची इनिटरॅमएफएस इमेज तयार होण्याआधी वीज गेली. डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर त्या इमेजमध्ये असतात. ती नाही म्हणून कर्नेलला रूट, म्हणजे सिस्टिमचं मुख्य विभाजन, सापडत नाही. 5.4 ची इमेज जुनी आणि शाबूत आहे, म्हणूनच ते पुढे जातं. तुमचा दुरुस्तीचा दरवाजा तोच.

पण आधी प्रत. दुरुस्तीची एकही आज्ञा प्रत हातात येईपर्यंत चालवायची नाही. पेनड्राइव्हवरून उबंटू ‘ट्राय’ मोडमध्ये सुरू करा, बाहेरची डिस्क लावा. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं.)

सुडो एलएसबीएलके -एफ

यात ईएक्सटी4 लिहिलेलं मोठं विभाजन शोधा. समजा ते एसडीए2 आहे. माउंट करायच्या आधी

सुडो ई2एफएससीके -एफ /डेव्ह/एसडीए2

चालवा. हे माउंट नसलेल्या विभाजनावरच चालवायचं. जर्नल परत वाचून घेतलं, दोनचार अनाथ आयनोड साफ केले असं म्हणालं तर घाबरू नका, वीज गेल्यावर ते होतंच. मात्र वाचताना आय-ओ एरर यायला लागले तर तिथेच थांबा आणि इथे लिहा, मग रस्ता वेगळा आहे.

त्यानंतर

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए2 /एमएनटी

करून /व्हार/लिब/मायएसक्यूएल, /व्हार/स्पूल/कोहा आणि /ईटीसी या तीन फोल्डरांची टार फाइल (सगळ्या फाइली बांधलेलं एकच गाठोडं) बाहेरच्या डिस्कवर बनवा. साधं कॉपी-पेस्ट नको. बाहेरची डिस्क बहुतेक एनटीएफएस किंवा फॅट असेल, त्यावर फाइलींचे मालक आणि परवानग्या टिकत नाहीत, टारमध्ये टिकतात. फॅट32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल तिच्यावर मावत नाही, तेही बघा. /व्हार/स्पूल/कोहा मुद्दाम सांगितलं. कोहाचं डेबियन पॅकेज रोज स्वतःहून डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) तिथे काढून ठेवतं आणि जुने काढून टाकत शेवटच्या दोनेक दिवसांचे ठेवतं. तुम्ही सेटिंग बदललं नसेल तर अगदी ताजा डंप तुमच्याच डिस्कवर पडलेला आहे.

आता दुरुस्ती. डीपीकेजी (पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) नेमकं काय करतं ते समजून घ्या, म्हणजे पुढची कुठलीच आज्ञा आंधळेपणाने द्यावी लागणार नाही. पॅकेज बसतं ते दोन टप्प्यांत. आधी फाइली उलगडतात, मग मांडणी होते. उलगडताना नवीन फाइल ‘.डीपीकेजी-न्यू’ अशा शेपटीच्या नावाने बाजूला लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच जुनीच्या जागी सरकते. आणि कुठलं पॅकेज कुठल्या टप्प्यावर आहे ते /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस या साध्या मजकुराच्या फाइलीत नोंदलं जातं. तुमचं देवघेव रजिस्टर असतं तशीच ती नोंद: पुस्तक परत आलं की नाही हे आठवणीवर नाही, रजिस्टरवर ठरतं. डीपीकेजी 1994 पासूनचं आहे आणि मधेच थांबलं तर तिथून पुढे चालता यावं अशीच त्याची रचना आहे. म्हणून अर्धवट अपग्रेड म्हणजे बिघडलेलं मशीन नव्हे. ते थांबलेलं काम आहे, आणि ते कुठे थांबलं हे त्याला माहीत आहे.

ग्रबमधून 5.4 ची ‘रिकव्हरी मोड’ ओळ निवडा, त्या मेनूतून ‘रूट’. मग:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /
माउंट -ए
डीपीकेजी --ऑडिट
टेल -50 /व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग

शेवटच्या आज्ञेत वीज गेली त्या क्षणी कुठलं पॅकेज हातात होतं ते दिसेल. ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत ओळीच्या सुरुवातीला ‘आयआय’ असेल तर पॅकेज पूर्ण बसलंय. ‘आययू’ म्हणजे उलगडलंय पण मांडणी बाकी, ‘आयएफ’ म्हणजे मांडणी अर्ध्यात तुटली, ‘आयएच’ म्हणजे उलगडतानाच तुटलं. तुमच्याकडे ‘आययू’ची मोठी रांग दिसेल. दिसू दे.

डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

या दोन आज्ञा आलटून पालटून, दोन्ही मुकाट्याने संपेपर्यंत. पहिली एखाद्या अवलंबित्वावर अडते, दुसरी ते पुरवते, की पुन्हा पहिली. इंटरनेट नसलं तरी बहुतेक काम होईल, कारण रिलीज अपग्रेड आधी सगळी पॅकेजं उतरवतं आणि मग बसवायला घेतं. ती /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्हज मध्ये पडून आहेत, तेव्हा ‘एपीटी क्लीन’ चुकूनही नको. मधे एखादी कॉन्फिग फाइल बदलू का असं विचारलं तर ‘एन’. तुमची अपाचे आणि मारियाडीबीची सेटिंगं आहेत तशीच राहायला हवीत.

दोन गोष्टी करू नका. एक, लॉक फाइली पुसू नका. नेटवर अर्ध्या ठिकाणी हाच पहिला उपाय दिलेला असतो. पण खरं कुलूप त्या फाइलीच्या असण्यात नसतं, चालू प्रोसेसने ती धरून ठेवण्यात असतं. रीबूटनंतर ते कुलूप उरतच नाही. आणि तरीही लॉकची तक्रार आली, तर डीपीकेजी खरंच दुसरीकडे चालू आहे. दोन, डू-रिलीज-अपग्रेड पुन्हा लावू नका. सोर्सेस.लिस्टमध्ये फोकलच्या (20.04) जागी जॅमी (22.04) आधीच लिहिलं गेलंय. त्याच्या लेखी तुम्ही 22.04 वर पोचलात, ते अर्धं राहिलेलं काम उचलणार नाही. ते एपीटीकडूनच पुरं करायचं:

एपीटी अपडेट
एपीटी फुल-अपग्रेड

फुल-अपग्रेडला ‘वाय’ म्हणण्याआधी काढून टाकायच्या पॅकेजांची यादी नीट वाचा. शेवटी /बूट मध्ये 5.15 ची इनिटआरडी फाइल आली का बघा. नसेल तर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ आणि पुढे कर्नेलची पूर्ण आवृत्ती. इथे ‘-यू’ नको, ते आधीपासून असलेली इमेज ताजी करतं, नसलेली बनवत नाही. मग ‘अपडेट-ग्रब’.

रांगा_आणि_रकाने

ताईंचं सगळं बरोबर आहे, फक्त मारियाडीबीबद्दल एक भर घालतो, कारण नोंदी तिथेच आहेत. 20.04 मध्ये 10.3 आहे, 22.04 मध्ये 10.6. मधल्या 10.5 पासून इनोडीबीच्या (मारियाडीबीचा साठवणीचा भाग) रीडू लॉगची, म्हणजे ताज्या बदलांच्या नोंदवहीची, रचना बदलली. जुना सर्व्हर व्यवस्थित बंद झाला असेल तर 10.6 तो लॉग निमूट बदलून घेतो. पण 10.3 चालू असतानाच वीज गेली असेल तर 10.6 सुरू व्हायला नकार देतो आणि लॉगमध्ये लिहितो: ‘अपग्रेड आफ्टर अ क्रॅश इज नॉट सपोर्टेड’.

हे दिसलं तर आयबी_लॉगफाइल (तोच रीडू लॉग) पुसायचा मोह टाळा. पुसल्यावर सर्व्हर कदाचित उठेल, पण शेवटचे व्यवहार हरवतील आणि टेबलं आतून विस्कटलेली राहू शकतात. अशा वेळी टारमधली प्रत दुसऱ्या मशीनवर 10.3 खाली उघडायची, त्याला स्वतः सावरू द्यायचं, व्यवस्थित बंद करायचं आणि मग इकडे आणायची. किंवा कोहाचा डंप भरायचा. डंप सकाळचा असेल तर त्या दिवसाची देवघेव तेवढी हाताने घालावी लागेल.

दादांच्या बाबतीत सर्व्हरची पॅकेजं उलगडायच्या आधी जुना सर्व्हर थांबवला गेला असण्याची शक्यता बरीच आहे. डीपीकेजी.लॉगमध्ये मारियाडीबी-सर्व्हरची ओळ वीज जाण्याच्या आधीची आहे का, एवढं बघा.

वाचनालय_काउंटर

ताई, रांगावाले दादा, मनापासून आभार. टार झाली, दोन वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवली, उघडूनही पाहिली. /व्हार/स्पूल/कोहा मध्ये कालच्या सकाळचा डंप आहे. झेडकॅटने आत डोकावलो, मराठी शीर्षकं नीट वाचता येतात. ते बघून जेवण गेलं.

मारियाडीबी-सर्व्हर-10.6 ‘आययू’ दाखवतंय आणि लॉगमधली ओळ वीज जाण्याच्या बरीच आधीची आहे.

पण कॉन्फिगर -ए सुरू होताच हे येतं आणि सगळं थांबतं:

डीपीकेजी: अनरिकव्हरेबल फेटल एरर, अबॉर्टिंग: फाइल्स लिस्ट फाइल फॉर पॅकेज ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ इज मिसिंग फायनल न्यूलाइन

‘अनरिकव्हरेबल’ वाचून हात थांबवला आहे.

रात्रपाळी_कोल्हापूर

थांबलात ते छान केलंत, पण हे सावरता येतं. प्रत्येक पॅकेजच्या फाइलींची यादी /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये ‘.लिस्ट’ शेपटीने असते. वीज गेली तेव्हा या एका फाइलीचं नाव डिस्कवर लागलं होतं, आतला मजकूर पोचला नव्हता. उघडून पाहिलीत तर कचरा किंवा शून्य बाइट भरलेले दिसतील. फॉन्टचं पॅकेज आहे हे आपलं नशीब.

एमव्ही /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो/फॉन्ट्स-लोहित-देवा.लिस्ट /रूट/
डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

आता ते ‘यादी नाही, पॅकेजच्या फाइली नाहीत असं धरतो’ अशी सूचना देईल आणि पुढे जाईल. सगळं संपल्यावर ‘एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देवा’, की यादी परत येते. आणखी एखाद्या पॅकेजचं नाव घेऊन थांबलं तर त्यालाही हेच. पण स्टेटस फाइलच खराब असल्याचं म्हणालं तर हे करू नका. तिच्या रोजच्या प्रती /व्हार/बॅकअप्स मध्ये असतात, त्या कशा वापरायच्या ते तेव्हा सांगते.

शेवटी ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ चालवा. बसलेल्या फाइली पॅकेजमधल्या एमडी5 शी जुळतात का ते त्यात कळतं. ज्या ओळीत 5 दिसेल आणि मधे ‘सी’ नसेल ते पॅकेज पुन्हा बसवा. ‘सी’ म्हणजे कॉन्फिग फाइल, ती तुम्हीच बदललेली असते. हा टप्पा लोक गाळतात, आणि झटपट म्हणाले तसं ‘नंतर खटकत राहतं’ ते बहुतेक इथूनच येतं.

वाचनालय_काउंटर

लोहितनंतर आणखी एका पॅकेजवर थांबलं, तेही तसंच बाजूला केलं. मग कॉन्फिगरने लांबलचक रांग पुरी केली. मारियाडीबी 10.6 काही तक्रार न करता उठलं. 5.15 ची इनिटआरडी स्वतःहून तयार झाली, लॉगिनचा पडदा आला. व्हेरिफायमध्ये लिबरऑफिसच्या दोन फाइली निघाल्या, ते पॅकेज पुन्हा बसवलं.

आता एकच. कोहाचं पान उघडत नाही. ‘डीपीकेजी -एल कोहा-कॉमन’ला सुरुवातीला ‘आरसी’ येतंय. कोहा गेलं का?

रात्रपाळी_कोल्हापूर

पॅकेज गेलं, डेटा नाही. ‘आरसी’ म्हणजे प्रोग्राम काढलाय, कॉन्फिग ठेवलीय. रिलीज अपग्रेड बाहेरच्या रिपॉझिटरी बंद करतं. कोहाची रिपॉझिटरी कोहा समुदायाची, म्हणजे बाहेरचीच. त्यात पर्ल 5.30 वरून 5.34 वर गेलं, जुन्या कोहाची अवलंबित्वं जुळेनात, म्हणून एपीटीने ते काढलं. डेटाबेसला त्याने हात लावलेला नाही. मात्र ‘पर्ज’ हा शब्द आज कुठल्याही आज्ञेत येऊ देऊ नका, त्याने कॉन्फिगही जाईल.

/ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी मध्ये कोहाची ओळ ‘#’ लावून बंद केलेली दिसेल, ती उघडा. तिच्यात तुम्ही आधी वापरत होता तीच आवृत्ती किंवा तिच्या पुढची असू दे, मागची नको. मग:

एपीटी अपडेट
एपीटी इन्स्टॉल कोहा-कॉमन
कोहा-अपग्रेड-स्कीमा तुमच्या_इन्स्टन्सचं_नाव
कोहा-रीबिल्ड-झेब्रा -व्ही -एफ तुमच्या_इन्स्टन्सचं_नाव

झेब्राला (कोहाचं शोध इंजिन) त्या डिस्कवर वेळ लागेल. तोवर शोधात पुस्तकं कमी दिसतील किंवा दिसणारच नाहीत. त्यावरून नोंदी गेल्या असं समजू नका, शोधाची सूची नव्याने बनत असते. बारकोड टाकून देवघेव त्याआधीही चालते.

वाचनालय_काउंटर

चालू झालं! एकूण नोंदींचा आकडा डंपमधल्या आकड्याशी ताडून पाहिला, वीज गेली त्या दिवसाची देवघेवही जशीच्या तशी आहे. ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ असलेली शीर्षकं मुद्दाम शोधली, सगळी येतात. ग्रंथपाल बाईंना फोन केला. त्यांनी दुसऱ्यांदा विचारून खात्री करून घेतली.

स्मार्टसीटीएलमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारी आज्ञा) ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा, शून्याच्या वर आहे. आणि 24.04 वर आत्ताच जाऊ का?

रात्रपाळी_कोल्हापूर

बाईंना माझा नमस्कार सांगा.

पेंडिंग सेक्टर शून्याच्या वर असेल तर ती डिस्क बदला, 24.04 चा विचार त्यानंतर. एसएसडी घ्या, मशीन तेच राहू दे. 22.04 ला नेहमीचा सपोर्ट 2027 पर्यंत आहे, घाई नाही. पुढचं अपग्रेड पाऊस संपल्यावर करा, आणि लावण्याआधी मारियाडीबी स्वतःच्या हाताने बंद करून /व्हार/लिब/मायएसक्यूएलची टार काढून घ्या.

आजपासून एवढं करा: कोहाचा रोजचा डंप त्याच डिस्कवर राहतो, तो संध्याकाळी काउंटर बंद करताना पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह वाचनालयाबाहेर कुणाच्या तरी घरी जाऊ दे. दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून वापरलेत तर उत्तम. नवीन डिस्क आली की इथेच लिहा, पार्टिशन तसंच्या तसं हलवण्याची आज्ञा देते.